सत्काराच्या दिवशी घेतलेलं नाव

बस सुटायच्या आधी डॉक्टर यूसुफ स्वतः निरोप द्यायला आले होते. नव्वद सालचा सप्टेंबर. सकाळचे नऊ वाजले होते, आणि कुवेतमधल्या एका शाळेच्या मैदानावर आम्ही काहीशे भारतीय माणसं बोचकी सांभाळत उन्हात उभी होतो. माझ्या कडेवर चार वर्षांची प्रज्ञा होती. माझा नवरा विलास मागे राहणार होता, कारण त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो मॅनेजर पहिल्याच आठवड्यात पळून गेला होता. डॉक्टरांनी प्रज्ञासाठी जलसंजीवनीची दहा-बारा पाकिटं आणली होती. बगदादमार्गे अम्मानपर्यंतच्या वाळवंटात मुलीला पाणी कसं पाजत राहायचं ते त्यांनी मला, त्यांच्याच वॉर्डातल्या नर्सला, पुन्हा समजावून सांगितलं. मग विचारलं, घरी पोचल्यावर लोकांना काय सांगणार. मी म्हटलं, सगळं सांगणार. ते हसले आणि म्हणाले, "आधी पोच तर, सिस्टर." त्या हसण्याचा अर्थ लावत मी पुढची कित्येक वर्षं बसले आहे.

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी 'घर सोडताना' या विषयावर लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विमानतळ, लोणच्याच्या बरण्या आणि रडणारी आई असणार हे मला माहीत आहे. माझ्याकडेही ते आहे. पण नागपूर सोडून कुवेतला गेले ते नोकरीसाठी, आणि कुवेत सोडलं ते जीव वाचवण्यासाठी. दुसऱ्या सोडण्याबद्दल आजवर मला नीट कुणी विचारलेलं नाही. जे तिकडे राहिले त्यांनी नाही आणि माझ्यासारखे जे इकडे आले त्यांनीही नाही. म्हणून दोघांनाही एकदमच सांगते. गोड लागणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

कुवेतमध्ये आम्ही सहा वर्षं राहिलो. कुवेती लोक साधुसंत होते असं मी म्हणणार नाही. आमचे पासपोर्ट मालकांच्या कपाटात असत, आणि बाजारात आम्हाला कुणी कुठल्या सुरात हाक मारायची हे त्यांच्या मर्जीवर होतं. तरीही ते माझं घर होतं. तिथे माझी मुलगी जन्मली, तिथे मी पहिला फ्रिज घेतला, तिथल्या वॉर्डात मला 'सिस्टर शालिनी' म्हणून मान होता. नागपूरच्या दवाखान्यात मी कुठल्या वस्तीतली ते आधी बघून मग माझ्या हातचं पाणी प्यायचं की नाही हे ठरवणारे पेशंट मी पाहिले होते. डॉक्टर यूसुफ माझ्या हातून इंजेक्शन तयार करून घेत, दोनदा तपासत नसत. एवढ्याने माणूस एखाद्या जागेला घर म्हणायला लागतो.

मग ऑगस्टमध्ये बगदादच्या हुकूमशहाचं सैन्य शिरलं आणि दोन दिवसांत देश गिळून टाकला. सैनिक लुटालूट करत, पण सैनिकांची भीती ओळखीची असते. खरी भीती साध्या कपड्यांतल्या माणसांची होती. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मवाळ. ते गुप्त पोलीस. ते भरदुपारी वॉर्डात येत, रजिस्टर मागत, ओळीवर बोट ठेवून वाचत आणि हव्या त्या खाटेपाशी जाऊन उभे राहत. कुवेती तरुण, दुकानदार, मास्तर, सगळ्यांनी आपापल्या परीने विरोध सुरू केला होता. कुणी पत्रकं छापत होतं, कुणी लपलेल्यांना पोळ्या पोचवत होतं, कुणी सैन्याच्या गाड्यांवर गोळ्या झाडत होतं. त्यातले जखमी आमच्याकडे येत. गोळीची जखम रजिस्टरमध्ये दिसली की तो माणूस दुसऱ्या दिवशी खाटेवर नसायचा.

म्हणून गोळीची जखम रजिस्टरमध्ये दिसेनाशी झाली. डॉक्टर यूसुफ ऑपरेशन करायचे आणि मी लिहायची, कारण वॉर्डात माझं अक्षर सगळ्यांत स्वच्छ होतं. मोटार अपघात. जिन्यावरून पडला. गॅसचा भडका. एका माणसाच्या मांडीतून आम्ही बंदुकीची गोळी काढली आणि त्याच्या अख्ख्या पायाला प्लास्टर घातलं, म्हणजे कुणी बँडेज सोडून बघायला नको. दोन दिवसांनी इस्त्रीच्या शर्टवाला आला. त्याने खिशातलं पेन काढून प्लास्टरवर टकटक केलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मोटार कुठल्या रंगाची होती.  डॉक्टर शांतपणे म्हणाले की पेशंट मोटारीखाली आला होता, तेव्हा रंग बघायला त्याला सवड झाली नाही. तो माणूस हसला आणि गेला. 

फार्मसीचे प्रमुख मात्र सुटले नाहीत. त्यांना जेवणाच्या सुट्टीत नेलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच घराच्या फाटकासमोर त्यांचं प्रेत टाकलं आणि आईला दार उघडायला लावलं. शेजाऱ्यांना हुकूम होता की दुपारपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी हे वर्णन वाढवून सांगत नाही, उलट निम्मं गाळते आहे. त्यानंतरही डॉक्टर यूसुफ रोज वेळेवर राउंडला येत राहिले, आणि मी मोटार अपघात लिहीत राहिले.

अम्मानच्या तंबूंत आठ दिवस काढून, मुंबईमार्गे मी नागपूरला पोचले. बाबा स्टेशनवर आले होते. माझे बाबा महापालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि आयुष्यभर वस्तीतल्या सभांचं सूत्रसंचालन त्यांनीच केलं. आभारप्रदर्शन हा त्यांचा खास प्रांत. सतरंज्या अंथरणाऱ्यापासून माइकवाल्यापर्यंत एकेकाचं पूर्ण नाव घेतल्याशिवाय ते खाली बसायचे नाहीत. लोक कंटाळायचे, उठून जायचे, तरी बाबा नावं घेत राहायचे. मला लहानपणापासून त्यांचं एकच सांगणं असायचं: "आपल्या माणसांनी इतकं केलं, शालू, पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ज्याने केलं त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं. चोरून ठेवायचं नाही."

ऑक्टोबरमध्ये वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, गुलाबाचा हार, पुढे दोनशे माणसं. बाबांनी प्रास्ताविक केलं आणि माझ्या हातात माइक दिला. मी बोलले. फार चांगलं बोलले, असं सगळे म्हणाले. प्लास्टरची गोष्ट सांगितली, रजिस्टरची सांगितली. शेवटी, बाबांची मुलगी म्हणून, मी डॉक्टर यूसुफ यांचं नाव आडनावासकट घेतलं, त्यांचं हॉस्पिटल सांगितलं, आणि म्हणाले की हा सत्कार माझा नाही, त्यांचा आहे. टाळ्या थांबेनात. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी गावातल्या इंग्रजी पेपरात फोटोसकट बातमी आली, आणि बातमीत मी बोलले ते सगळं होतं. बातमीदार हुशार होता, नावाचं स्पेलिंगसुद्धा त्याने मला विचारून घेतलं होतं.

तेव्हा कुवेत अजून त्या हुकूमशहाच्याच ताब्यात होतं. डॉक्टर यूसुफ त्याच वॉर्डात राउंड घेत होते. दोनशे माणसांच्या त्या सभागृहात हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

बाबांनी पेपरच्या दोन प्रतींतून ते कात्रण कापलं. एक फ्रेम करून भिंतीवर लावलं. दुसरं पाकिटात घालून, जावयाला अभिमान वाटावा म्हणून, कुवेतचं टपाल बंद होतं म्हणून विलासच्या कंपनीच्या बगदादमधल्या कचेरीच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवून दिलं. मला हे त्यांनी आठवड्याने सांगितलं. तिकडे जाणारं प्रत्येक पाकीट फोडलं जातं हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ते पाकीट विलासला मिळालं नाही. परतही आलं नाही. विलास नोव्हेंबरमध्ये कसाबसा सुटून आला तेव्हा त्याला या कशाचा पत्ता नव्हता.

फेब्रुवारीत कुवेत सुटलं. ते सगळं आम्ही नागपुरात टीव्हीवर बघितलं, आणि आमच्या गल्लीत त्या हुकूमशहाचं कौतुक चाललं होतं. अमेरिकेला नडला, मर्द आहे, असं लोक पानटपरीवर बोलत. मी एकदा थांबून म्हटलं की त्या मर्दाची माणसं आईसमोर मुलाचं प्रेत टाकतात. तर म्हणे, ताई, तुम्ही पेट्रोलवाल्यांचं खाल्लंय, तुम्ही तसंच बोलणार. त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटली. आणखी काय करणार होते?

एप्रिलमध्ये मरियम्माचं पत्र आलं. ही केरळची नर्स, शेवटपर्यंत त्या हॉस्पिटलमध्ये राहिलेली. तिने लिहिलं होतं की डॉक्टर यूसुफना डिसेंबरात घरून नेलं. परत आले नाहीत. प्रेतही मिळालं नाही. बायको हना आपल्या भावाकडे अमेरिकेला निघून गेली, कॅलिफोर्नियात, हा तिचा फोन नंबर, तुला तिच्याशी बोलायचं असेल तर.

मी ते पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मुद्दाम. मग म्हटलं, "तुमच्या नावं घेण्यापायी माणूस गेला, बाबा." बाबा उठले, भिंतीवरची फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि कात्रण माझ्या हातात दिलं. त्यानंतर ते कधीही कुठल्या सभेत बोलायला उभे राहिले नाहीत. माइक माझ्या हातात होता, नाव मी घेतलं होतं, आणि दोष मात्र त्यांच्या पदरात टाकून मी मोकळी झाले. दोन वर्षांनी इथल्या नर्सिंगची परीक्षा पास होऊन मी अमेरिकेला निघाले तेव्हा ते विमानतळावर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. त्यानंतर दीड वर्षाने ते गेले, आणि मला रजा मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. हा राग माझा माझ्यावरच आहे.

आता कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये आम्हाला पाच वर्षं झाली. विलास कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये आहे, आणि इथेही मला सगळे स्वच्छ अक्षराची नर्स म्हणून ओळखतात. प्रज्ञा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. हनाचा भाऊ फ्रीमाँटला राहतो. ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासाचा ड्राइव्ह. नंबर माझ्या डायरीत होता, कात्रण ट्रंकेत होतं, आणि पाच वर्षांत मी एकदाही फोन उचलला नाही. विलास म्हणायचा, आता उकरून काय होणार, त्या बाईला आणखी त्रास. त्याचं ऐकणं मला सोयीचं होतं.

काही महिन्यांपूर्वी फ्रीमाँटला एका घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण. तिथे एक निवृत्त इंजिनिअर काका मुलाकडे आलेले. हे ऐंशीच्या दशकात बगदादला पूल बांधायला होते. पुलावच्या ताटाबरोबर त्यांनी आम्हाला त्या राजवटीची शिस्त ऐकवली. रस्ते कसे गुळगुळीत, चोरी नाही, बायका बिनधास्त फिरायच्या, युद्ध चालू असूनसुद्धा ऑफिस कसं वेळेवर सुरू व्हायचं. सगळे मान डोलवत होते. मी विचारलं, "काका, तुमच्या ऑफिसातलं कुणी कधी एका दिवसात दिसेनासं झालं नाही?"

ते म्हणाले, एक ड्राफ्ट्समन होता, फार सज्जन, एके सकाळी आला नाही. बदली झाली असं सांगितलं.

"मग तुम्ही विचारलंत?"

"आपण परदेशी माणसं, ताई. आपल्याला काय करायचंय त्यांच्या भानगडीत?" असं म्हणून त्यांनी वरण वाढून घेतलं.

मला त्यांच्या ताटात हात घालावासा वाटला. इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. आणि तिथे, दुसऱ्याच्या सिंकपाशी, मला लख्ख कळलं की काका आणि मी एकाच माळेचे मणी आहोत. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांचा ड्राफ्ट्समन आणि माझे डॉक्टर दोघेही 'बदली' होऊन गेले. फक्त माझ्याकडे नंबर होता.

त्याच सुमारास मंडळाच्या दिलीपचा फोन आला. दिलीप पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, मनाने चांगला मुलगा आहे. वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार करायचं त्यांच्या कमिटीत ठरलं होतं. "ताई, फक्त दहा मिनिटं बोला. कुवेतचं थ्रिलिंग ठेवा, पॉलिटिक्स तेवढं कट करा यार, मुलं असतात." शाल इंडियातून मागवली आहे, असंही त्याने सांगितलं. शाल हा शब्द ऐकताच मला विहाराचं सभागृह आठवलं. मी विचार करून सांगते म्हटलं, फोन ठेवला आणि तो परत उचलून हनाचा नंबर लावला. थांबले असते तर पुन्हा पाच वर्षं गेली असती.

शनिवारी दुपारी मी एकटीच गेले. हनाने दार उघडलं. मी तिला हॉस्पिटलच्या ईदच्या जेवणात दोनदा पाहिलं होतं. आता केस पांढरे झाले होते, पण चालणं तसंच ताठ होतं. तिने मला ओळखलं, 'सिस्टर' म्हणाली, कॉफी केली, खजूर पुढे ठेवले. मी खजुराला हात लावला नाही. आधी सांगायचं होतं. मोडक्यातोडक्या अरबीत आणि इंग्रजीत मी तिला सगळं सांगितलं: सभा, माइक, नाव, आडनाव, पेपर, बगदादला गेलेलं पाकीट. बाबांच्या माथी काहीही मारलं नाही. नाव मी घेतलं, एवढंच सांगितलं. बोलताना मी गालिच्याकडे बघत होते.

तिने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तू पाचवी आहेस."

मला कळलं नाही. तिने बोटांवर मोजून दाखवलं. "आमचा ड्रायव्हर आला होता. चौकीवर त्याने घराचा पत्ता सांगितला होता. शेजारीण आली, ती फोनवर यूसुफचं नाव बोलून गेली होती. सासूबाई मरेपर्यंत म्हणत होत्या की दार मी उघडलं. चौथी मी. त्या दिवशी मी त्याला घरी जेवायला बोलावलं, नाहीतर तो हॉस्पिटलमध्येच राहणार होता. आणि आता तू. सगळे माझ्याकडे येऊन रडतात, सिस्टर. ज्यांनी त्याला नेलं, त्यांच्यातला एकही अजून आलेला नाही."

मी रडायला लागले. मला वाटलं, ती मला माफ करते आहे. तसं काही नव्हतं. तिने कात्रण मागितलं. मी पर्समधून काढून दिलं. तिने चष्मा लावला आणि बातमी सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचली. प्लास्टरपाशी तिचं बोट थांबलं. तिथून पुढे वाचली, पुन्हा मागे येऊन वाचली. मग तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा पूर्ण बदललेला होता.

"हे तुझ्याकडे किती वर्षं आहे?"

सात, मी म्हटलं.

ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द तोडून बोलली. सात वर्षं ती कचेऱ्यांना पत्रं लिहिते आहे. बेपत्ता लोकांच्या यादीत यूसुफच्या नावापुढे 'कामावर गैरहजर, ठावठिकाणा अज्ञात' असं लिहिलेलं आहे. तो पळून गेला असेल, असंही एकाने तिला तोंडावर म्हटलं. त्याने जखमींना वाचवलं याचा पुरावा द्या, म्हणतात. जे वाचले त्यांतले काही मेले, काहींनी खरी नावं कधी सांगितलीच नव्हती. मरियम्मा ऑपरेशनच्या वेळी खोलीत नसायची. आणि हॉस्पिटलची रजिस्टरं तपासली तर त्यांत काय आहे? मोटार अपघात. जिन्यावरून पडला. गॅसचा भडका.

"सुंदर अक्षरात लिहिलेलं," हना म्हणाली. "मी ती पानं पाहिली आहेत. ते अक्षर कुणाचं, हे सांगणारं कुणी नव्हतं."

 सात वर्षं मी एकाच अपराधाची पूजा बांधून बसले होते, की मी बोलले. दुसरा अपराध माझ्या लक्षातच आला नव्हता. त्या माणसाने जे केलं ते छापलेला जगातला एकमेव कागद माझ्या ट्रंकेत साड्यांखाली होता, आणि त्याच्या बायकोला तो पळपुटा असल्याचं ऐकून घ्यावं लागत होतं. मी नाव घेतलं ते चुकीच्या वेळी. मग घ्यायची वेळ आली तेव्हा गप्प बसले. बाबांनाही गप्प बसवलं.

 मी फक्त विचारलं, आता काय करायचं. ती तितक्याच कडक आवाजात म्हणाली, लिहून द्यायचं. तारखा, पेशंट, जखमा, खोटी नोंद कुठली आणि खरी कुठली, सगळं. मी हो म्हटलं. मग तिने माझ्या पुढ्यातला खजुराचा वाडगा आणखी जवळ सरकवला, आणि मी एक खाल्ला.

पुढचे तीन शनिवार मी तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून आठवत होते. तिने रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्स मागवून घेतल्या. माझंच अक्षर मला परक्यासारखं समोर आलं. एकेका ओळीपुढे मी खरं काय होतं ते लिहिलं. मोटार अपघात: उजव्या मांडीत गोळी. जिन्यावरून पडला: पाठीवर वळ, पाच नखं उपटलेली. गॅसचा भडका: सिगारेटचे चटके, अकरा. काही ओळींपाशी आठवेना, तिथे मी 'आठवत नाही' असंच लिहिलं. आता खोटं एक अक्षरही नको होतं. हना शेजारी बसून ऐकायची. एकदा तिने विचारलं, या सगळ्यांत तो कधी घाबरलेला दिसला का. मी सांगितलं की ऑपरेशन झाल्यावर ते हात धुवायला फार वेळ लावायचे, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियमच पडला होता. हे तिला माहीत नव्हतं.

दिलीपला मी कळवलं की मी येते, पण शाल नको, दहाऐवजी वीस मिनिटं हवीत, आणि पॉलिटिक्स कट होणार नाही. त्याने कमिटीला विचारतो म्हटलं. कमिटीत मतभेद झाले. कार्यक्रमात लहान मुलं, सणासुदीचं वातावरण, वगैरे. शेवटी त्याने स्वतःच फोन करून सांगितलं की स्मरणिकेत हवी तेवढी पानं घ्या, मी एक शब्द कापू देणार नाही. तर ती वीस मिनिटं ही आहेत. डॉक्टर यूसुफ यांचं आडनाव मी इथे छापलेलं नाही. ते छापायचं की नाही हे हनाने ठरवायचं आहे. मी एकदा न विचारता छापलं होतं.

माझं निवेदन टाइप होऊन आलं ते एकवीस पानांचं झालं. एका मंगळवारी, ड्यूटी संपल्यावर, मी ते घेऊन नोटरीसमोर बसले. हना माझ्या डाव्या बाजूला होती. पानापानावर सही केली. शेवटच्या पानावर नाव, व्यवसाय आणि घरचा पत्ता अशा तीन रिकाम्या ओळी होत्या. पहिल्या दोन भरल्या आणि तिसऱ्या ओळीपाशी पेन थांबलं. कुवेतमध्ये असताना मी घरचा पत्ता म्हणून नागपूर लिहायची. अमेरिकेत आल्यावरही नागपूरच लिहीत आले. बाबा गेले, ते घर दुसऱ्यांचं झालं, तरी प्रत्येक फॉर्मवर तोच पत्ता. इथलं घर म्हणजे उतरायची सोय, उद्या उठून जाता येईल, कुणाला काही सांगावं लागणार नाही, असंच मी धरून चालले होते.

हना विचारत होती, काही अडचण आहे का. नोटरी घड्याळाकडे बघत होता. या कागदावर उद्या कुणी शंका घेईल, उलटतपासणी करील, जुनी धमकी नव्या टपालाने पाठवील, किंवा ज्याच्या मांडीतून आम्ही गोळी काढली तो माणूस कुठून तरी माझा शोध घेईल. त्यांच्यापैकी कुणालाही मी नागपूरच्या रिकाम्या दारापाशी उभं करणार नव्हते. मी सनीव्हेलचा पत्ता लिहिला. रस्ता, इमारत, अपार्टमेंटचा नंबर, सगळं स्वच्छ अक्षरात. ज्याला काही विचारायचं असेल, त्याने इथे येऊन विचारावं. मी घरी आहे.